बुडत्याला दोर हवा

बुडत्याला काडीचा आधार, ही म्हण आपण माणसाची अगतिकता सांगण्यासाठी वापरतो. मात्र काठावर उभे असलेल्यांच्या हाती काडीच का असावी, दोर का असू नये, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही.

समुद्रकाठी राहणाऱ्या आम्हा गोमंतकीयांना बुडून मरणे म्हटले की प्रथम दर्या आठवतो. आकडे निराळेच सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ३८ हजारांहून अधिक माणसे बुडून मेली, आणि राज्यवार यादीत सर्वांत वर नाव होते ते मध्य प्रदेशाचे. ज्या राज्याला समुद्राचा एक हातभर किनारा नाही, तेथे एका वर्षात पाच हजारांवर माणसे पाण्याने गिळावीत, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. माणसे बुडतात ती मुख्यतः नदीत, तळ्यात, विहिरीत आणि कालव्यात, म्हणजे रोजच्या वापरातल्या पाण्यात.

उदाहरणादाखल लालबर्रा घ्या. बालाघाटहून शिवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तहसिलीचे गाव. १८६७ साली भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग तोडून बालाघाट जिल्हा बनला आणि पुढे तो जुन्या मध्यप्रांताच्या नागपूर विभागात राहिला. त्यामुळे मराठी भाषा तेथे परकी नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा भाताचा मुलूख. लहान तळ्याला तिकडे बोडी म्हणतात. गुरे धुणे, पोरांचे डुंबणे, देवीच्या व गणपतीच्या मूर्तींचे विसर्जन, सारे या पाण्यात चालते. हीच वैनगंगा खाली भंडारा व गडचिरोलीकडे जाते. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात शेतमजुरीसाठी निघालेल्या सहा स्त्रिया नाव उलटून तिच्यात बुडाल्या. त्याआधी सप्टेंबर २०२१ मध्ये वरूड तालुक्यात वर्धा नदीने अशाच रीतीने अकरा जणांचा बळी घेतला होता.

लालबर्ऱ्याचा गोव्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. आमच्या किनाऱ्यावर लाटांत ओढले जाणाऱ्यांत अशाच समुद्रापासून दूरच्या गावांतून आलेले तरुण पुष्कळ असतात. २००८ पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षकांची व्यवस्था आहे आणि तिने असंख्य प्राण वाचविले आहेत, हे आम्ही कृतज्ञतापूर्वक नमूद करतो. परंतु बोडीच्या काठी पगारी जीवरक्षक कोण नेमणार? तेथे जीवरक्षक होईल तो गावातलाच कोणी तरुण. त्याला हे ज्ञान कोठे मिळावे? आमच्या मते महाविद्यालयात, आणि तेही व्याख्यानातून नव्हे, खेळातून.

जीवरक्षण हा चढाओढीचा खेळ आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक असेल. १८९१ साली इंग्लंडात जीवरक्षणाची संस्था निघाली. १९०७ साली ऑस्ट्रेलियात सिडनीच्या किनाऱ्यांवरील मंडळांनी एकत्र येऊन संघटना उभारली. १९८५ पासून हा खेळ जागतिक क्रीडामेळ्यात समाविष्ट आहे. पाण्यातील अडथळ्यांखालून पोहणे, तळाशी गेलेला मानवाकृती बाहुला उचलून आणणे, सुमारे बारा मीटरांवरील सहकाऱ्याकडे दोर फेकून त्याला काठाशी ओढणे, असे त्याचे प्रकार आहेत. ब्रिटनमधील विद्यापीठांत विद्यार्थ्यांची जीवरक्षण मंडळे असून त्यांचे चौघाचौघांचे संघ परस्परांशी स्पर्धा करतात.

यातील एक प्रकार आम्हाला विशेष मोलाचा वाटतो. चौघांच्या संघापुढे अकस्मात एक कल्पित अपघात उभा केला जातो. कोणी हातपाय मारीत आहे, कोणी निपचित पडला आहे, कोणी काठावर जखमी होऊन ओरडत आहे. प्रसंग आधी सांगितलेला नसतो आणि वेळ अवघ्या काही मिनिटांचा. कोणाला प्रथम वाचवावे, कोणी पाण्यात उतरावे, कोणी बाहेरून मदत मागवावी, हे तत्क्षणी ठरवावे लागते. परीक्षक त्यावर गुण देतात. बुद्धी, शिस्त व सहकार्य यांची एवढी कसोटी पाहणारे खेळ थोडेच असतील.

असे शिक्षण दिल्याने तरुण अधिकच धाडस करतील, अशी शंका घेतली जाईल. वस्तुस्थिती उलट आहे. एक भाऊ बुडताना पाहून दुसऱ्याने उडी घेतली आणि दोघेही गेले, ही बातमी वृत्तपत्रांना नवी नाही. या खेळाचा पहिला धडा असा की, उडी हा शेवटचा उपाय. आधी हाक मारून धीर द्यावा, काठी पुढे करावी, दोर किंवा तरंगणारी वस्तू फेकावी, नाव असल्यास न्यावी. स्वतःचा जीव अविचाराने धोक्यात घालणारा या स्पर्धेत गुण गमावतो. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात बहुमोल वेळ दवडू नये, श्वास थांबला असल्यास तोंडाने श्वास द्यावा व छाती दाबावी, हेही येथे सरावाने अंगवळणी पडते.

दुसरा आक्षेप पैशाचा. पोहण्यासाठी बांधीव तलाव लागतो हे खरे. पण दोर फेकण्याचा सराव मैदानावरही होतो. दोर म्हणून बैलाचा कासराही चालतो, आणि तरंगण्यासाठी झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा पुरतो.

तेव्हा आरंभ कोणी करावा? आमचे स्पष्ट मत असे की, तो गोव्याने करावा. १९८५ साली स्थापन झालेले गोवा विद्यापीठ येथे आहे, १९९० पासून राष्ट्रीय जलक्रीडा संस्था येथे आहे, अनुभवी जीवरक्षक येथे आहेत, आणि या विषयाला वाहिलेली राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी शेजारी पुण्यात आहे. विद्यापीठाने आंतरमहाविद्यालयीन जीवरक्षण स्पर्धा दरवर्षी भरवावी आणि तीतील यशाला इतर खेळांइतकाच मान व तितकेच गुण द्यावेत. पुढे देशातील अंतर्भागातल्या विद्यापीठांना निमंत्रण द्यावे. बालाघाट जिल्ह्यातील महाविद्यालयांचा कारभार पाहणारे छिंदवाड्याचे राजा शंकर शाह विद्यापीठ त्यांत अगत्याने असावे. येणाऱ्या प्रत्येक संघाला एकच अट घालावी, की परत गेल्यावर आपल्या मुलखातील एका तळ्याकाठच्या गावाला त्याने हे शिक्षण द्यावे.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ मध्ये २५ जुलै हा बुडून होणारे मृत्यू टाळण्याचा दिवस म्हणून जाहीर केला. तो संदेश वाचून पाळता येतो, तसा स्पर्धा भरवूनही पाळता येतो. विद्यार्थ्यांनी जिंकलेल्या चषकांवर कालांतराने धूळ बसते. या खेळात मात्र हरलेला संघही एखाद्या बोडीच्या काठी कोणा आईचे मूल तिच्या हाती परत देऊ शकेल. विद्यापीठाने एवढ्यासाठी तरी आपल्या क्रीडापत्रिकेत एक ओळ वाढवावी.