सरकारी वकील कुणाचा?



होळीच्या आधी तालुक्याच्या गावी एका अनुभवी सरकारी वकिलांचा सत्कार झाला. शाल, नारळ, हार, सगळं झालं. भाषणं झाली. पंचवीस वर्षं फौजदारी खटले चालवले, आश्रमशाळेत वह्या वाटल्या, रक्तदान शिबिर भरवलं, म्हणून 'समाजाशी नाळ जोडलेले वकील' असं जो तो बोलला. आम्ही चार पोरं मागे उभी होतो. टाळ्या आम्हीपण वाजवल्या, खोटं कशाला बोला.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याला आमच्या पाड्यातल्या आजीच्या केसची तारीख होती. सरकारतर्फे वकील तेच.

आजीची जमीन तुम्हाला माहीत आहे. सरकारने दिलेला प्लॉट, तीस वर्षं तिने नाचणी-वरई पिकवली. शेटने तारेचं कुंपण घातलं. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात हा गुन्हा आहे. आदिवासीला दिलेली जमीन बळकावली तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा. केस दाखल करायलाच पोलीस ठाण्यात दोन दिवस बसावं लागलं.

कोर्टाच्या व्हरांड्यात पुकारा व्हायच्या आधी दहा मिनिटं वकीलसाहेब आजीला पहिल्यांदा भेटले. फाईल चाळली आणि म्हणाले, "पोलिसात सांगितलं तेच सांग, जास्त बोलू नको." जागा त्यांनी कधी बघितली नव्हती. उलटतपासणीत शेटच्या वकिलाने विचारलं, जमिनीच्या पूर्वेला काय, गट नंबर काय, क्षेत्र किती? आजी बोलली, "ऐनाच्या झाडापासून वहाळापर्यंत माझी." शेटचा वकील हसला. आजी गप्प झाली. आता फेरतपासणीत सरकारी वकिलाने उठून एवढंच विचारायचं होतं, की बाई, वहाळ कुठल्या अंगाला, सूर्य कुठून उगवतो? झाडापासून वहाळापर्यंत हीच तर चतुःसीमा आहे! साहेब उठलेच नाहीत. मागच्या आठवड्यात निकाल लागला. आरोपी निर्दोष.

आता कुणी म्हणेल, वकील विकला गेला. आम्ही तसं म्हणत नाही, आमच्याकडे पुरावा नाय. त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग आम्ही डोळ्यांनी बघितला. पण पंचवीस वर्षांचा अनुभव म्हणजे कशाचा अनुभव? कोर्टाच्या जिन्याचा? पंचवीस वर्षांत एकदाही ज्याला पाडा चढावा लागला नाही, त्याचं समाजकार्य वह्या वाटण्यावर भागतं. आम्हाला वह्या नकोत. आमच्या बाईची जबानी नीट ऐकून घेणारा वकील पाहिजे.

हे सरकारी वकील येतात कुठून, ते समजून घ्या. खालच्या कोर्टात असतो तो सहाय्यक सरकारी वकील, पगारी नोकर. आपल्याकडे हे लोक पोलीस खात्याच्या हाताखाली होते. तपास पोलिसांचा आणि वकीलही पोलिसांचा! १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्र सरकारला बजावलं की यांना पोलीस खात्यापासून वेगळं करा. सेशन कोर्टातला सरकारी वकील मात्र बाहेरचा वकील असतो. निदान सात वर्षं वकिली झालेल्यांची यादी कलेक्टर सेशन जज्जाच्या सल्ल्याने करतो आणि सरकार त्यातून नेमतं. कागदावर बरं वाटतं. पण उत्तर प्रदेशात १९९० साली नव्या सरकारने एका परिपत्रकाने सगळ्या जिल्ह्यांतले सरकारी वकील एकदम काढले होते. सुप्रीम कोर्टाने ते परिपत्रक रद्द केलं, हा पुढाऱ्याच्या मर्जीचा खेळ नाही म्हणून. खेळ होता म्हणूनच तर कोर्टाला बोलावं लागलं.

जंगलच्या केसमध्ये हाच सरकारी पक्ष आपल्यासमोर उभा असतो. राबासाठी फांद्या तोडल्या, मोळी आणली, की आपण आरोपी. वर्षानुवर्षं तारखा, प्रत्येक तारखेला मजुरी बुडते, एस.टी.चं भाडं जातं. खटला मागे घेण्याचा अर्ज कोर्टात करायचा अधिकार २०२४ पर्यंत फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ ने सरकारी वकिलाला दिला होता, आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० ने दिला आहे. वरून आलेलं पत्र पुढे सरकवणं नाही, त्याने स्वतः विचार करायचा असतो. मोर्चाच्या केसेस पुढाऱ्यांच्या असल्या की हे कलम बरोबर आठवतं. मोळीवालीच्या वेळी पुस्तकाचं ते पान उघडत नाही.

साथींनो, नुसतं रडून भागणार नाही. १९९५ साली अत्याचार कायद्याचे नियम आले. त्यात नियम ४ आहे, तो पाड्यापाड्यात वाचून दाखवा. विशेष सरकारी वकिलांच्या कामाचा आढावा कलेक्टरने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यायचा आहे. काम नीट केलं नसेल तर सरकार त्याचं नाव काढू शकतं. आणि ज्याच्यावर अत्याचार झाला त्याची इच्छा असेल तर कलेक्टर दुसरा नामांकित वकील देऊ शकतो, फी सरकारची. नियम ११ प्रमाणे साक्षीदाराला प्रवासखर्च आणि मजुरी मिळते. आजीला ती मिळाली का? कुणी सांगितलंच नाही. आम्हालाही तेव्हा माहीत नव्हतं, ही आमची चूक.

एक जण बोलला, आपली पोरं वकील झाली की सगळं सुटेल. होऊ देत, जरूर होऊ देत. बारावी झालेली पोरं आता आहेत. पण सात वर्षं वकिली होईपर्यंत आजी कुठे राहील?

निर्दोष सुटलेल्याच्या विरोधात हायकोर्टात अपील करायला सरकारला ९० दिवस आहेत. सात दिवस गेले. अपिलाचा प्रस्ताव सरकारी वकिलानेच वर पाठवायचा असतो. येत्या सोमवारी आजीला घेऊन आम्ही त्यांच्या ऑफिसात जाणार आहोत. प्रत्येक पाड्यातून दोन माणसं या, भाकर बांधून या. साहेबांना नमस्कार करायचा, शिव्या द्यायच्या नाहीत. प्रस्ताव पाठवला का, एवढंच विचारायचं आणि जावक नंबर लिहून घ्यायचा. पाठवला नसेल तर तिथून उठायचं नाही.

जुलैच्या आढाव्यासाठी गावागावाने आपल्या अत्याचाराच्या केसेस लिहून द्या. केस नंबर, किती तारखा झाल्या, किती वेळा सरकारी वकील साक्षीच्या आधी भेटले, भत्ता मिळाला की नाही. लिहिता येत नसेल तर आम्हाला बोलवा, आम्ही येऊन लिहू. कागद पंधरा जूनच्या आत संघटनेच्या खोलीवर पोचले पाहिजेत. यंदाच्या पावसात आजीला तिच्या जमिनीत उतरता येणार नाही. पुढच्या पावसाचं बघायचं आहे.