पगारपत्रकातला एक रकाना

दर वर्षी मेअखेरीस आमच्या काउंटरवर पासबुक पुढे सरकते आणि ठरलेला प्रश्न येतो, "साहेब, हे ४३६ रुपये कशाचे कापले?" आम्ही सांगतो, पंतप्रधान जीवनज्योती विम्याचे, माणूस गेला तर वारसाला दोन लाख मिळतात. "आणि हे २०?" ते अपघात विम्याचे. गिऱ्हाईक मान हलवते, पण फॉर्मवर सही करताना हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते, हे चेहऱ्यावर दिसते. खाते उघडण्याच्या गर्दीत चार कागद पुढे आले, चारही ठिकाणी सह्या झाल्या. आपल्याकडे ऐच्छिक विमा बहुधा असाच ऐच्छिक असतो.

काही वर्षांपूर्वी वडगावच्या एक बाई नवऱ्याचे खाते बंद करायला आल्या. नवरा यंत्रमागावर कामाला होता. सवयीने आम्ही मागच्या नोंदी पाहिल्या, तर त्या वर्षाचा हप्ता गेलेला होता. बाईंना दोन लाखांचा पत्ता नव्हता, त्यांच्या मुलाला नव्हता, मालकाला तर नव्हताच. त्या दिवशी काउंटरवर गर्दी जास्त असती तर खाते बंद होऊन विषय संपला असता. पैसे पुढे मिळाले, पण आम्हाला ते योगायोगाचे वाटले, आणि तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे.

बेळगावात विम्याचेही राजकारण होते, हे वाचकांना सांगायला नको. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना देण्याचा निर्णय घेतला, कर्नाटक सरकारने आक्षेप घेतला, आणि आपण सर्वांनी पत्रके काढली. काढायलाच हवी होती. पण उद्यमबागेत, मच्छेत, शहापुरात आपल्याच माणसांच्या फौंड्र्या, मशीनशॉप, छापखाने, दुकाने आहेत. आपल्या पतसंस्था आहेत, शाळा आहेत, वाचनालये आहेत. तिथे काम करणाऱ्यांचा विमा उतरवायला ना मुंबईची परवानगी लागते ना बंगळूरची. ते काम मात्र फार थोड्या ठिकाणी झाले आहे.

मालकांशी बोलले की पहिले उत्तर येते, "आमच्याकडे ईएसआय आहे." चांगली गोष्ट आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात ती कायद्याने आहेच. मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. पण तिला पगाराची मर्यादा आहे. २०१७ साली ती २१ हजार केली. म्हणजे पंधरा-वीस वर्षे घासलेला मोल्डर, फोरमन, हिशेब लिहिणारा, यांचा पगार एकदा त्या रेषेपलीकडे गेला की बढतीबरोबर त्यांचे दवाखान्याचे छत्र जाते. पेढे वाटले जातात आणि ईएसआयचे कार्ड जुने होते. आठ माणसांच्या वर्कशॉपला तर ती योजना सक्तीची नाहीच.

दुसरे उत्तर अधिक प्रामाणिक असते. "अडीअडचणीला आम्ही उचल देतो ना!" देतात, हे आम्ही नाकारत नाही. मिरजेला ऑपरेशन असले की रात्री दहा वाजता पैसे काढून देणारे मालक आम्हाला ठाऊक आहेत. पण ती उचल फेडायला कामगाराला तीन-चार वर्षे लागतात. तेवढी वर्षे तो दुसरीकडे जाऊ शकत नाही, पगारवाढ मागू शकत नाही, मुलीच्या लग्नाला पुन्हा त्याच दारात उभा राहतो. आणि काही मालकांना हेच सोयीचे वाटते. कामगार टिकतो म्हणतात तो असा टिकतो. हे लिहिल्याने ओळखीतली दोन-चार माणसे नाराज होतील, पण बँकेत बसून आम्ही तीच नावे दर महिन्याला पाहतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, कायद्याने जे द्यायचे ते देऊन झाल्यावर, त्याच्या जोडीला एक ऐच्छिक गटविमा आपल्या प्रत्येक आस्थापनेत असावा. अपघाताचा, ठरावीक रकमेच्या वरचा खर्च उचलणारा टॉप-अपचा, किंवा दवाखान्यात पडल्यावर रोज ठरावीक रक्कम देणारा. हा शेवटचा प्रकार लोकांना लहान वाटतो. पण रोजावर काम करणाऱ्याचे घर दवाखान्याच्या बिलाइतकेच बुडालेल्या रोजाने मोडते. ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे घ्यावा, हप्ता पगारातून जावा, तारीख चुकली म्हणून पॉलिसी बंद पडू नये.

यात एक खाच आहे आणि ती वाणिज्य शाखेत शिकलेल्याला लगेच दिसते. ऐच्छिक म्हटले की आधी कोण सही करतो? ज्याला मधुमेह आहे तो, ज्याच्या बायकोचे ऑपरेशन सांगितले आहे तो. पंचविशीतला पोरगा म्हणतो, मला काय धाड भरली आहे! मग गटात आजारीच उरतात, दावे वाढतात, पुढल्या वर्षी कंपनी हप्ता वाढवते, मग उरलेल्यांतले धडधाकटही बाहेर पडतात. आमच्या क्षेत्रात हे घडलेले आहे. २०१५ च्या वेतन करारानंतर बँक कर्मचाऱ्यांना गटविमा आला, कारकुनाला तीन लाख आणि अधिकाऱ्याला चार लाखांचा, हप्ता बँकेचा. निवृत्तांना मात्र ऐच्छिक आणि स्वतःच्या खर्चाने. काही वर्षांतच त्यांचा हप्ता इतका चढला की आमच्या ओळखीच्या कितीतरी ज्येष्ठांनी पेन्शनीकडे पाहून तो सोडून दिला, तेही नेमका लागण्याच्या वयात.

यावर उपाय एकच दिसतो. मालकाने निम्मा हप्ता घालावा, म्हणजे तरुणही नाव घालतील. समजा माणशी वर्षाला तीन हजार हप्ता धरला आणि माणसे वीस असली, तर मालकाचे तीस हजार जातात, तेही धंद्याच्या खर्चात दाखवता येतात. कामगाराचे महिन्याला सव्वाशे. एका ऑपरेशनची उचल याहून मोठी असते.

गट मोठा असला की थोडक्या पैशात काय होते, हे आपल्याच राज्यात पाहिले आहे. यशस्विनी योजना २००३ साली सुरू झाली तेव्हा सहकारी सोसायटीच्या सभासदाला वर्षाला साठ रुपये पडत. सोसायटीने सभासदांची नावे गोळा करायची, पैसे एकत्र भरायचे. भाषेचा प्रश्न नव्हता, सभासदत्व पाहत. २०१८ मध्ये ती बंद केली आणि २०२३ च्या जानेवारीपासून पुन्हा सुरू केली. मधल्या काळात लोकांचे काय झाले ते खेड्यातल्या वाचकांनी आम्हाला सांगावे.

आता मालकांना काही गोष्टी स्पष्ट सांगायच्या. लेखी संमतीशिवाय कुणाचा हप्ता कापू नये, आणि संमतीचा कागद मराठीत असावा, कानडी कामगारासाठी कानडीत. भाषेच्या हक्कासाठी आपण इतकी वर्षे भांडलो, तर आपल्या फौंड्रीतल्या कानडी माणसाकडून इंग्रजी कागदावर अंगठा घेणे शोभत नाही. एजंट मालकाचा मेहुणा असला तरी दोन कंपन्यांचे दर मागवावेत. आणि कामगाराला सांगावे की गटविमा नोकरीबरोबर संपतो. नोकरी सोडताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण ती मुदतीत मागावी लागते. हे माहीत नसल्याने लोक कोरडे राहतात. ज्याला जमेल त्याने स्वतःची एक लहान पॉलिसीही चालू ठेवावी. २०२४ च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबायला लागते, ती वर्षे जितकी लवकर सुरू होतील तितके बरे.

सरकारविषयीही एक तक्रार. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी काढला, पण गटविम्याला ती सवलत दिली नाही, तिथे १८ टक्के ठेवले. म्हणजे स्वतः पॉलिसी घेऊ शकणारा सुटला, आणि ज्याला मालकाच्या आधारानेच विमा परवडतो त्याच्यावर कर राहिला. निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, हा प्रश्न विचारावा. आपल्या निवेदनांत भाषेच्या कलमाखाली एक कलम याचेही असू द्या.

सुरुवात मात्र घरातून करावी लागेल. आपल्या वाचनालयाचे शिपाई, बालवाडीच्या बाई आणि कार्यालयात हिशेब ठेवणारे, मिळून ही थोडीच माणसे आहेत. यांच्यापैकी कुणालाही कसला विमा नाही. आम्ही विचारले तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी सांगितले, "अरे, ते आपले घरचेच आहेत." घरचे आहेत म्हणून गणपतीत धोतर-लुगडे देतो, पण दोन वर्षांपूर्वी शिपाईमामांचा पाय मोडला तेव्हा वर्गणीची वही फिरवावी लागली होती. वहीत आमचेही शंभर रुपये आहेत, त्याची आज लाज वाटते.

येत्या वार्षिक सभेत आम्ही ठराव मांडणार आहोत: संस्थेच्या सर्व सेवकांचा अपघात व आरोग्य गटविमा उतरवावा, निम्मा हप्ता संस्थेने द्यावा, नको असेल त्याने तसे लेखी द्यावे. अनुमोदनाला दोन सभासद तयार आहेत. आसपासच्या पतसंस्था आणि शाळा सोबत आल्या तर गट मोठा होईल आणि दर उतरेल. त्यांच्या चिटणीसांनी सेवकांची संख्या आणि वये सभेआधी कार्यालयात लिहून द्यावीत. दर मागवण्याचे काम आम्ही सुटीच्या दिवशी करू.