आधी इनाम की आधी मोहीम?

आरमोरीत आमच्या भाच्याने 'द विचर ३' या खेळाच्या दोन पुरवण्यांपैकी 'ब्लड अँड वाइन' आधी उघडली, हे मला सर्वस्वी गैरवाजवी वाटते. 'हार्ट्स ऑफ स्टोन' ऑक्टोबर २०१५ ची, ही मे २०१६ ची. पहिलीत गटारातल्या अजस्र बेडकाशी झुंजणाऱ्या खेळाच्या नायकाला, गेराल्टला, दुसरीत डचेसकडून द्राक्षमळा इनाम मिळतो, आणि मिळकतीची सनद हाती पडून जो ओसरीवर विसावला, त्याला पुन्हा त्या दुर्गंधीत उतरविणे हे, धान निघाल्यावर वडशाच्या मंडळीचे रात्रभर रंगणारे झाडीपट्टी नाटक पहाटेच्या प्रवेशापासून पाहण्याइतकेच रसभंगकारक होय. भाचा म्हणतो, "मामा, खेळ अडवत तर नाही ना!" खरे आहे; पहाटे मंडपात शिरणाऱ्यालाही कोणी अडवीत नाही.