नांदीलाच संपणारं फिजी

‘सुवात बघण्यासारखं काही नाही.’ फिजीला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या मंडळींचं हे ठरलेलं वाक्य. गंमत म्हणजे यातले बरेचजण सुवाला गेलेलेच नसतात. विमान बेटाच्या पश्चिमेला नांदीला उतरतं. तिथून रिसॉर्ट, हातात शहाळं, चार रील्स आणि परत. यांचं नाटक नांदीलाच संपतं. देशाची राजधानी मात्र रस्त्याने चारेक तासांवर, पूर्वेच्या पावसात भिजत असते.

सुवाला चांगला बीच नाही, हे खरं. किनाऱ्यावर चिखल आणि खारफुटी. पण ‘बीच नाही’ आणि ‘काही नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे एवढं नक्की सांगतो: फिल्टर ज्याने बनवला, त्याला जे विकायचं होतं तेवढंच तुम्हाला दिसतं. ॲपमध्ये ‘पूल’ आणि ‘सी व्ह्यू’ यांना खूण करता येते. ‘इथे काय घडलं?’ याला नाही.

व्हिक्टोरिया परेडवर चाला. एका बाजूला १९१४चं ग्रँड पॅसिफिक हॉटेल, समोर अल्बर्ट पार्क. १० ऑक्टोबर १९७०ला या मैदानावर स्वतंत्र फिजीचा झेंडा चढला. मैदानाला लागून सरकारी इमारती आहेत, तेव्हाची संसद तिथेच भरायची. १४ मे १९८७ला लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुकाच्या सैनिकांनी तिथे घुसून तिमोसी बावाद्रांचं जेमतेम महिन्याचं सरकार पाडलं. त्या सरकारला भारतीय वंशाच्या लोकांचा मोठा पाठिंबा होता, हाच त्याचा गुन्हा.

आता तारीख पुन्हा बघा. १४ मे १८७९ला ‘लिओनिडास’ हे जहाज कलकत्त्याहून पहिले गिरमिटिये घेऊन फिजीत पोचलं होतं. (तेव्हा राजधानी लेवुका होती, सुवा १८८२पासून.) आपल्याकडे गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडायचं हत्यार. तिथे गिरमिट म्हणजे ‘ॲग्रिमेंट’, पाच वर्षं उसाच्या मळ्यात राबायचा करार. १९१६पर्यंत साठ हजारांवर माणसं अशी नेली गेली. १९८७च्या आसपास त्यांचे वंशज देशात जवळपास निम्मे होते. बंडानंतर हजारो देश सोडून गेले. आणि १४ मे २०२३ला, पंतप्रधान झालेल्या त्याच राबुकांनी सुवातच या लोकांची जाहीर माफी मागितली. एवढं सगळं एका शहरात घडलं, आणि आपण म्हणायचं, बघण्यासारखं काही नाही?

दुसरा गट याहून गोड बोलतो: ‘अरे, हे तर मिनी इंडियाच!’ सुवाच्या मार्केटमध्ये भेंडी, मिरच्या, हळद दिसली की हे विरघळतात. शेजारी रचलेले दालोचे कंद आणि यांगोनाची मुळं यांना दिसत नाहीत, विकणारी इतौकेई बाई तर नाहीच. मग फिजी हिंदी ऐकून हसतात, ‘मोडकी हिंदी’ म्हणतात. ती भोजपुरी-अवधीच्या पोटातून निघून मळ्यात वाढलेली स्वतंत्र भाषा आहे. वऱ्हाडीला किंवा मालवणीला कुणी ‘अशुद्ध मराठी’ म्हटलं की आपल्याला राग येतो ना? मग हे काय वेगळं आहे?

ती माणसं आपली हरवलेली भावंडं नाहीत. ती फिजीची नागरिक आहेत, आणि ते नागरिकत्व टिकवायला त्यांना जे सोसावं लागलं ते आपल्याला लागलेलं नाही. त्यांना ‘आपलं’ म्हणायची घाई करण्याआधी निदान त्यांच्या राजधानीत एक दिवस काढावा.

रिसॉर्टला जाऊ नका, असं मी म्हणत नाही. पैसे तुमचे, सुट्टी तुमची. पण मग ‘फिजी बघितलं’ म्हणू नका. ‘फिजीतलं हॉटेल बघितलं’ म्हणा. आणि देश बघायचाच असेल तर नांदीहून सुवाची बस मिळते. छत्री घेऊन बसा.