कारखाना कोणासाठी? ढिंकियाने विचारलेला प्रश्न

मागास भागात पोलादाचा कारखाना येणार अशी घोषणा होताच भांडवलदारी वृत्तपत्रे तेथील जनतेचे भाग्य उजळल्याचे नगारे वाजवू लागतात. विरोध करणारा शेतकरी एकतर अडाणी ठरतो, नाहीतर विकासाचा शत्रू! या प्रचाराचा फोलपणा ओडिशातील जगतसिंगपूर जिल्ह्याच्या ढिंकिया, नुआगाव आणि गडकुजंग या परिसराइतका दुसरीकडे क्वचितच उघडा पडला असेल.

२२ जून २००५ रोजी ओडिशा सरकारने दक्षिण कोरियाच्या पोस्को कंपनीशी करार केला. भांडवल ५२,००० कोटी रुपये, वार्षिक उत्पादन १ कोटी २० लाख टन, जमीन ४,००४ एकर. याशिवाय तीस वर्षांसाठी ६० कोटी टन लोहखनिज, आणि पारादीपचे सार्वजनिक बंदर जवळच असताना जटाधारी नदीच्या मुखाशी कंपनीचे स्वतःचे बंदर!

ही जमीन ओसाड होती काय? सरकारी दप्तरात तिचा फार मोठा भाग 'वनजमीन' आहे. प्रत्यक्षात त्या वाळूवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमाने पानमळे उभे राहिले आहेत. पानमळ्याला क्षेत्र थोडे लागते, पण काम वर्षभर असते. वेली बांधणे, पाणी देणे, पाने खुडणे, प्रतवारी करणे या कामांवर मळेवाल्याबरोबर भूमिहीन मजूर आणि स्त्रियाही जगतात. त्याला जोड काजूची आणि खाडीतल्या मासळीची. ज्या अर्थव्यवस्थेत भूमिहीनालाही गावातच रोजी मिळते, तिला 'मागास' म्हणणाऱ्यांनी विकासाची व्याख्या एकदा सांगून टाकावी.

बदल्यात काय मिळणार होते? सुमारे ४८,००० प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष रोजगारांचे आश्वासन दिले गेले. पण यातला मोठा आकडा अप्रत्यक्ष रोजगाराचा होता, आणि अप्रत्यक्ष रोजगाराचा हिशेब कोणी कोणाला देत नाही. आधुनिक यंत्रांच्या कारखान्यात प्रशिक्षित मनुष्यबळ बाहेरून येते. ज्याची जमीन गेली त्याच्या वाट्याला ठेकेदाराची हजेरी येते, तीही बहुधा बांधकाम संपेपर्यंत.

राज्याच्या तिजोरीचे गणितही पाहावे. करार झाला त्या वेळी उत्तम प्रतीच्या लोहखनिजावरील स्वामित्वधन टनामागे जास्तीत जास्त २७ रुपये होते. त्या दराने ६० कोटी टनांचे होतात १,६२० कोटी रुपये, तेही तीस वर्षांत! दर पुढे, २००९ मध्ये, खनिजाच्या किमतीशी जोडले गेले हे खरे. परंतु करारावर सह्या करणाऱ्यांपुढे हेच दर होते. डोंगर जनतेचा, नफा मक्तेदाराचा, असा हा सौदा होता.

भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे नेते कॉ. अभय साहू यांच्या नेतृत्वाखाली पोस्को प्रतिरोध संग्राम समिती उभी राहिली. २००८ मध्ये त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. १५ मे २०१० रोजी बालितुठा येथे पोलिसांनी निदर्शकांवर हल्ला केला. जून २०११ मध्ये स्त्रिया आणि मुले तापलेल्या वाळूवर आडवी पडून पोलिसांची वाट अडवून राहिली. २००६ च्या वनाधिकार कायद्याने ग्रामसभेला दिलेला अधिकार वापरून ढिंकियाने २०१२ मध्ये जमीन देण्यास नकार दिला. अखेर २०१७ मध्ये कंपनीने काढता पाय घेतला.

मग जमीन कसणाऱ्यांना परत मिळाली काय? नाही. ती सरकारच्या 'भू-बँके'त गेली आणि तेथून जे.एस.डब्ल्यू. या देशी मक्तेदार कंपनीच्या पोलाद प्रकल्पाकडे वळवण्यात आली. पानमळे पुन्हा मोडले जाऊ लागले आणि १४ जानेवारी २०२२ रोजी ढिंकियात पुन्हा लाठ्या चालल्या. परकीय कंपनीच्या जागी देशी कंपनी आली, पण पानमळेवाल्याच्या पाठीवरची लाठी तीच राहिली.

यावर नेहमीचा आक्षेप ठरलेला आहे: कम्युनिस्टांना कारखानेच नकोत. हा निव्वळ कांगावा आहे. १९६६ मध्ये विशाखापट्टणमला पोलाद कारखाना मिळावा म्हणून आंध्रात जे आंदोलन पेटले, त्यात कम्युनिस्ट आघाडीवर होते. त्या लढ्यात बत्तीस जणांनी प्राण दिले, तेव्हा १९७१ मध्ये पायाभरणी झाली. सार्वजनिक मालकीच्या त्या कारखान्याने शहर उभे केले आणि हजारो कामगारांना कायम नोकरी व संघटनेचे बळ दिले.

परंतु तेथेही सर्व विस्थापितांना नोकऱ्या मिळाल्या नाहीत, ही उणीव झाकून ठेवण्याचे कारण नाही. कारखान्याला स्वतःची लोहखनिजाची खाण दिली गेली नाही. पोस्कोला मात्र ६० कोटी टनांचे आश्वासन मिळाले! आणि २७ जानेवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने तोच कारखाना शंभर टक्के विक्रीस काढण्याचा निर्णय घेतला. आधी खनिज नाकारायचे, मग तोटा दाखवायचा, शेवटी लिलाव पुकारायचा, हे धोरण कोणाच्या हिताचे आहे हे सांगण्याची गरज नाही.

म्हणून प्रश्न कारखाना हवा की नको हा नाही. मालकी कोणाची, खनिज कोणत्या भावाने, विस्थापिताला कायम नोकरी की ठेकेदाराची हजेरी, आणि ग्रामसभेच्या 'नाही'ला किंमत आहे की नाही, हे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे लेखी आणि बंधनकारक मिळाल्याखेरीज एकही पानमळा मोडता कामा नये. ढिंकियाचा पानमळेवाला आणि विशाखापट्टणमचा पोलाद कामगार यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा डाव राज्यकर्ता वर्ग खेळत आहे. दोघांची एकजूट हेच त्याला उत्तर आहे, आणि ती उभारणे हे पक्षाच्या प्रत्येक शाखेचे काम आहे.