सोप्पं आहे हो!

'सोप्पं आहे हो, त्यात काय!' असं म्हणणाऱ्या माणसापासून चार हात लांब राहावं, या मताला मी आता आलो आहे. पोहायला शिकवणारा असो, गाडी शिकवणारा असो, नाहीतर संगणक शिकवणारा. आणि हे मी अधिकारवाणीने सांगू शकतो, कारण तो माणूस मीच होतो.

त्याचं झालं असं... नमपाय नावाची पायथॉन भाषेतली एक लायब्ररी आहे. लायब्ररी म्हणजे वाचनालय नव्हे, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार प्रोग्रॅम्सचा संच. आकड्यांच्या लांबच लांब रांगा घेऊन त्यांच्यावर एका फटक्यात गणित करणं हे तिचं काम. १९९५ सालच्या न्यूमरिक नावाच्या लायब्ररीत तिचं मूळ आहे. पुढे नमअ‍ॅरे नावाची दुसरी आली, वापरणाऱ्यांचे दोन तट पडले, आणि ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी दोन्हींची मोट बांधून २००६ साली नमपायची पहिली पक्की आवृत्ती काढली. आज पायथॉनमध्ये विज्ञानाचं जे काही चालतं त्याच्या बुडाशी बहुतेक वेळा हीच असते. २०१९ साली कृष्णविवराचं ते पहिलं चित्र आलं ना, त्यामागच्या आकडेमोडीतही ती होती.

मी रोज वापरतो म्हणून मला वाटलं, हिच्यावर मराठीत एक ट्युटोरियल लिहावं. ब्राउझरमध्ये उघडायचं, वाचायचं, तिथल्या तिथे चालवून बघायचं. पायोडाइड नावाच्या प्रकल्पामुळे (तो २०१८ साली मोझिलामध्ये सुरू झाला) अख्खं पायथॉन ब्राउझरमध्येच चालतं. इन्स्टॉल करायची भानगड नाही. ज्यांच्या घरी संगणक नाही आणि कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर काही टाकायची परवानगी नाही, त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे. एकदा थोडे एमबी उतरवावे लागतात, बस्स.

पहिला महिना शब्दांत गेला. 'अ‍ॅरे'ला मराठीत काय म्हणायचं? कोशातला शब्द घातला तर वाचणारा बिचकतो, 'अ‍ॅरे' लिहिलं तर निम्मे लोक 'अरे' वाचतात! शेवटी 'अ‍ॅरे म्हणजे आकड्यांची रांग' असं एकदा सांगून मोकळा झालो. दहा धडे लिहिले. प्रत्येक धड्यात कुठे ना कुठे 'सोपं आहे', 'फक्त एवढंच करा', 'बाकीचं सध्या सोडून द्या' असं होतं. मित्रांनी वाखाणणी केली. ते सगळे आधीच नमपाय जाणणारे होते, हे माझ्या लक्षात आलं नाही.

ते खरोखर वापरलं ते एका मैत्रिणीच्या मुलीने. ती मराठवाड्यात कृषी शाखेत एम.एस्सी. करत होती. तिच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, शेतावर पर्जन्यमापक लावून आठ वर्षं जून ते सप्टेंबर रोजचा पाऊस वहीत लिहिला होता. रोज सकाळी साडेआठ वाजता, हवामान खात्याची पद्धत असते तसाच. दर वर्षी १२२ दिवस, एकूण ९७६ नोंदी. काही दिवस शाई पसरलेली, काही पानं वाळवीने खाल्लेली. तिथे तिने -९९९ टाकलं होतं. 'आकडा उपलब्ध नाही' हे सांगायची ही जुनी रीत आहे. पाऊस काही उणे पडत नाही, त्यामुळे घोटाळा व्हायचं कारण नाही.

महिनाभराने तिचा फोन आला. "काका, प्रोग्रॅम म्हणतो की जुलैत एकही नोंद गहाळ नाही. पण आबांच्या वहीत एकाच वर्षाच्या जुलैत सहा दिवस वाचता येत नाहीत. माझं काय चुकलं?"

मी पाहिलं. तिचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं.

माझ्या तिसऱ्या धड्यात रांगेतून तुकडा कसा काढायचा ते होतं. जूनचे ३० दिवस, मोजणी शून्यापासून, म्हणून जुलै म्हणजे ३० पासून ६१ च्या आधीपर्यंत. त्या तुकड्याला 'जुलै' नाव द्यायचं आणि पुढे त्यात हवे ते बदल करायचे. तिने एक चांगला प्रश्न स्वतःला विचारला होता. न वाचता येणारे सगळे दिवस कोरडे गेले असं धरलं, तर जुलैत कमीत कमी किती पाऊस निघेल? म्हणून तिने 'जुलै'मधल्या प्रत्येक -९९९ च्या जागी शून्य घातला. आठही वर्षांसाठी. मग मूळ 'पाऊस' या रांगेकडे परत येऊन खरं काम सुरू केलं आणि शेवटी ती रांग त्याच फाइलमध्ये साठवली.

ज्यांना नमपाय येतं त्यांनी इथे कपाळाला हात लावला असेल. नमपायमध्ये असा काढलेला तुकडा म्हणजे झेरॉक्स नसते! आबांच्या वहीतल्या जुलैच्या पानांची झेरॉक्स काढून तिच्यावर खाडाखोड करावी असं तिला वाटत होतं. प्रत्यक्षात ती मूळ वहीच जुलैच्या पानावर उघडून खोडत होती. झेरॉक्स हवी असेल तर 'कॉपी' असं स्पष्ट सांगावं लागतं.

हा नमपायचा दोष नाही, बरं का. ९७६ आकड्यांची नक्कल करायला काहीच लागत नाही. एका आकड्याला ८ बाइट धरले तर आठ हजार बाइटही भरत नाहीत. पण दहा कोटी आकडे असतील, उपग्रहाच्या चित्रांत ते सहज असतात, तर एकेका नकलेला ८०० एमबी लागतील. प्रत्येक तुकड्याला नक्कल काढत बसलो तर मशीन बसेल. म्हणून रचनाच तशी आहे आणि ती योग्य आहे. नमपायच्या अधिकृत पानांवर अगदी नवख्यांसाठीच्या भागातही हे सांगितलेलं आहे.

मला ते माहीत होतं. मी ते मुद्दाम गाळलं होतं. 'नवख्या माणसाला कशाला घाबरवा? बाकीचं सध्या सोडून द्या!'

आता फाइलमध्ये दोन प्रकारचे शून्य झाले होते. आबांनी लिहिलेला शून्य, म्हणजे खरंच पाऊस न पडलेला दिवस. आणि माझ्या धड्याने घातलेला शून्य. दोन्ही दिसायला सारखे. ती होस्टेलवर, वही गावी. दोन संध्याकाळी आबा चष्मा लावून फोनवर आठ जुलै महिन्यांतल्या एकेका शून्याची तारीख तपासून सांगत होते. ऐंशीच्या घरातला माणूस! आणि का, तर मला धडा 'सोपा' ठेवायचा होता.

यावर कुणी म्हणेल, एवढं काय, काही शून्य इकडचे तिकडे. तर हे बघा. पाच दिवसांचा पाऊस समजा १२, ०, माहीत नाही, ८ आणि ३० मिलिमीटर. 'माहीत नाही'ला शून्य धरलं तर सरासरी येते १०. तो दिवस बाजूला ठेवून उरलेल्या चारांची काढली तर येते १२.५. याच आकड्यांवर कुणी पेरणीचा सल्ला देणार, कुणी विम्याचा हिशोब मांडणार. लिहिलं नाही म्हणजे पडला नाही, असं नसतं.

या सगळ्यानंतर ट्युटोरियल लिहिण्याबद्दल माझी काही ठाम मतं झाली आहेत. ऐका, पटली तर घ्या.

एक. ट्युटोरियल म्हणजे मॅन्युअलची पातळ आमटी नव्हे. डॅनिएले प्रोसिडा यांनी सॉफ्टवेअरच्या लिखाणाचे चार वेगळे प्रकार सांगितले आहेत: बोट धरून शिकवणारं, एखादं काम कसं करायचं ते सांगणारं, संदर्भासाठीचं आणि कारणं समजावणारं. हे चार एकाच भांड्यात शिजवले की कशाचीच चव लागत नाही. माझ्या दहा धड्यांत तेच झालं होतं. नमपायने स्वतःही आपली पानं या धर्तीवर लावायला घेतली आहेत.

दोन. सोपं करताना काय गाळलं, याची जबाबदारी लिहिणाऱ्याची. एखादी सोय गाळली तर वाचणाऱ्याचा थोडा वेळ जाईल. धोका गाळला तर त्याचं काम जाईल. 'हे गाळल्याने वाचणारा अडेल की फसेल?' हा प्रश्न प्रत्येक ओळीला विचारायचा. अडला तरी चालेल, तो विचारेल तरी. फसलेल्याला आपण फसलो हे कळतच नाही.

तीन. चुका दाखवाव्यात. वरचे पाच आकडे दशांश चिन्हाशिवाय लिहून त्यांची रांग केली, गहाळ जागी -९९९ ठेवलं आणि मग तिथे 'नॅन' म्हणजे 'आकडाच नाही' अशी खूण घालायला गेलं, तर नमपाय एरर देतं. पूर्णांकांच्या रांगेत ती खूण बसत नाही. पूर्वी मी असे आकडे गुपचूप बदलून धडा गुळगुळीत करत असे. आता ती एरर मुद्दाम आणतो, तिची इंग्रजी ओळ मराठीत उलगडून सांगतो आणि मग दुरुस्त करतो. ओरडणारी चूक गुरूसारखी असते. गप्प बसणारी चूक फार वाईट.

चार. उदाहरण खरं हवं. एक ते दहा आकड्यांची बेरीज करून कुणाचं भलं झालंय? हवामान खात्याच्या हिशोबात २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर तो 'पावसाचा दिवस'. आबांच्या रांगेला '२.५ पेक्षा कमी नाही असे किती?' एवढं विचारलं की एका ओळीत उत्तर येतं. ते बघताना त्या मुलीचे डोळे चमकले होते.

पाच. ट्युटोरियल लिहून संपत नाही. पायथॉन २ ला २०२० सालच्या पहिल्या तारखेपासून कुणी वाली उरला नाही, आणि त्यातले हजारो धडे पहिल्याच प्रिंटच्या ओळीला अडखळू लागले. २०२४ मध्ये नमपाय २.० आलं. तेव्हापासून जिथे नुसतं १२.५ दिसायचं तिथे कधी कधी त्याच्याभोवती आकड्याच्या प्रकाराचं नावही दिसतं. जाणकाराला काही वाटत नाही, नवख्याला वाटतं आपलं चुकलं. पायथॉनमध्ये डॉकटेस्ट नावाची सोय आहे. लिहिलेलं उदाहरण ती चालवून बघते आणि उत्तर जुळलं नाही तर सांगते. आता दर महिन्याला मी सगळे धडे त्यातून काढतो. लोणच्याची बरणी मधूनमधून उघडून बघतात ना, तसं.

आणि सहावं, सगळ्यात अवघड. नवख्या माणसाच्या शेजारी बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. मुंबईच्या आयआयटीत स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प सुरू झाला. मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत. तिथे धड्याची संहिता विषय न येणाऱ्या माणसाकडून तपासून घेण्याची पद्धत आहे. जाणकार नव्हे, न जाणणारा! मी हे आधी केलं असतं तर आबांच्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.

आता माझा पहिला धडा नमपायचा नाहीच. तो आहे: मूळ फाइलला हात लावू नका, बदललेलं नेहमी नव्या नावाने साठवा. तिसऱ्या धड्यात वही आणि झेरॉक्स दोन्ही आहेत. दोन रांगा एकाच जागेवर बसल्या आहेत का हे विचारायची सोय नमपायमध्ये आहे, तीही तिथे आहे. धडा दीडपट लांब झाला. एका मित्राने कळवलं, "पहिला जास्त सोपा होता रे."

होता खरा.

त्या मुलीचा प्रबंध पूर्ण झाला. तिने प्रस्तावनेत आबांचे आभार मानले आहेत, आणि चक्क माझेही. मी म्हटलं, "अगं, माझे कशाला?" तर म्हणाली, "काका, तुमच्यामुळे तर मी प्रत्येक शून्य तपासायला शिकले."

यातलं कौतुक किती आणि टोमणा किती, ते मी अजून मोजतो आहे. ट्युटोरियलमधून 'सोपं' हा शब्द मात्र शोधून शोधून काढून टाकला. एकोणतीस ठिकाणी होता.