स्वयंचलित झाडू, परावलंबी ग्राहक

घराच्या जमिनीवर आपोआप फिरून केर गोळा करणारी गोल तबकडी घरोघर नेणाऱ्या ‘आयरोबोट’ या अमेरिकी कंपनीने १४ डिसेंबर २०२५ रोजी दिवाळखोरी संरक्षणासाठी डेलावेअरच्या न्यायालयात अर्ज केला. ज्या ‘पिसिया रोबोटिक्स’ या चिनी उत्पादकाकडून ती आपली यंत्रे तयार करून घेत होती आणि जिचे कर्ज तिच्या डोक्यावर होते, तिच्याच हाती संपूर्ण मालकी सोपवण्याची योजना या अर्जासोबत होती. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील तिघांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या, २००२ मध्ये ‘रूम्बा’ बाजारात आणणाऱ्या आणि २०१८ मध्ये आपला केर आपणच रिकामा करणारे यंत्र देणाऱ्या कंपनीची ही अखेर व्यापारी जगताला विचार करायला लावणारी आहेच; परंतु मुंबई-पुण्यातील ज्या कुटुंबांनी अशी यंत्रे घेतली आहेत किंवा घेण्याचा विचार चालवला आहे, त्यांच्यासाठीही तिचा अर्थ महत्त्वाचा आहे.

या घसरणीची कारणे एकाहून अधिक आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये ॲमेझॉनने ही कंपनी सुमारे १.७ अब्ज डॉलरना विकत घेण्याची घोषणा केली. युरोपीय आयोगाने स्पर्धेच्या मुद्द्यावर आक्षेप घेतल्याने जानेवारी २०२४ मध्ये हा व्यवहार मोडला आणि आयरोबोटला सुमारे ३१ टक्के कर्मचारी कमी करावे लागले. दरम्यान रोबोरॉक, इकोव्हॅक्स, ड्रीमी, शाओमी या चिनी कंपन्या दर वर्षी नवे तंत्र आणि कमी किंमत घेऊन उतरत होत्या. लेसर किरणांनी खोली मोजणे, केर काढतानाच फरशी पुसणे, ओला पोछा धुऊन वाळवणे या गोष्टी त्यांनी सवयीच्या करून टाकल्या. त्यात व्हिएतनाममध्ये तयार होणाऱ्या मालावर अमेरिकेने लादलेल्या आयात शुल्काची भर पडली. पायंडा पाडणारा मागे पडला आणि अनुकरण करणारे पुढे गेले, हा औद्योगिक इतिहासातील जुनाच अध्याय येथे पुन्हा लिहिला गेला.

‘साठ दिवस’ कोणाचे?

भारतात या यंत्रांना खरी चालना मिळाली ती २०२०च्या टाळेबंदीत. घरकामाला येणाऱ्या महिलांना सोसायट्यांची प्रवेशद्वारे बंद झाली, केरवारे आणि फरशी पुसणे कुटुंबाच्या वाट्याला आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शाओमीने आपला पहिला रोबो व्हॅक्यूम १७,९९९ रुपयांना भारतात आणला. मात्र त्या पिढीच्या यंत्राची केराची डबी रोज हाताने रिकामी करावी लागे. चहाच्या कपात मावेल एवढ्याच केराने ती भरत असल्याने ‘आपोआप सफाई’ हा शब्द अर्धाच खरा ठरे.

स्वतः रिकामे होणाऱ्या यंत्राने ही अडचण दूर केली. काम संपवून यंत्र चार्जिंगच्या डॉकवर परतले, की डॉकमधील मोठा पंखा काही सेकंद जोराने फिरतो आणि डबीतील केर दोन-तीन लिटरच्या बंद पिशवीत ओढून घेतो. ‘साठ दिवस पिशवी बदलावी लागणार नाही’ असे जाहिराती सांगतात. हा हिशेब कंपनीने गृहीत धरलेल्या घराचा असतो. रहदारीच्या रस्त्यालगत, शेजारी पुनर्विकासाचे बांधकाम सुरू असलेल्या आणि दिवसभर खिडक्या उघड्या असणाऱ्या घरातील धूळ वेगळी असते. ती आकारमानाने कमी भरते, पण पिशवीची सूक्ष्म छिद्रे बुजवते. परिणामी पिशवी अर्धी रिकामी असतानाच ओढ मंदावते. पावसाळ्यातील दमट हवेत हीच धूळ केसांसह गोळा होऊन डॉकच्या नळीत अडकते.

पिशवीऐवजी धुता येणारे भांडे असलेले डॉकही मिळतात. त्यात पिशव्यांचा खर्च वाचतो, पण भांडे रिकामे करताना धूळ पुन्हा हवेत उडते. घरात दम्याचा किंवा धुळीच्या ॲलर्जीचा रुग्ण असेल तर बंद पिशवीचा पर्यायच श्रेयस्कर. मात्र त्यासाठी मूळ पिशव्या भारतात नियमित मिळतात का आणि केवढ्याला, हे यंत्र घेण्यापूर्वी पाहायला हवे. अशा यंत्रांची किंमत ढोबळमानाने तीस हजारांपासून लाख रुपयांपर्यंत जाते. चार-पाच वर्षांत लागणाऱ्या पिशव्या, गाळण्या, ब्रश आणि पोछे यांची बेरीज त्यात धरल्याखेरीज तुलना पूर्ण होत नाही.

पास्कलचा भुलभुलैया

जाहिरातीतील दुसरा मोठा आकडा ‘पास्कल’चा. २०२० मधील यंत्रे दोन हजार पास्कलच्या आसपास होती, आजची महागडी यंत्रे वीस हजारांचा दावा करतात. सफाई दहापट सुधारली, असा याचा अर्थ नव्हे. पास्कल हे हवेच्या दाबातील फरकाचे माप आहे. प्रत्यक्ष केर उचलला जातो तो हवेच्या प्रवाहाने आणि ब्रशच्या रचनेमुळे. घरगुती सफाई-रोबोंच्या कामगिरीची चाचणी कशी करावी, याचे मानक आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने ठरवलेले आहे. तथापि खोक्यावर छापला जातो तो पास्कलचाच आकडा.

शिवाय जास्त ओढीची गरज प्रामुख्याने जाड गालिच्यांना लागते. महाराष्ट्रातील शहरी घरांत जमीन असते ती व्हिट्रिफाइड टाइल्सची, जुन्या मोझेक लाद्यांची, कोट्याची किंवा मार्बलची. अशा जमिनीवरचा केर तुलनेने सहज निघतो. कस लागतो तो पुसण्याच्या कामात. आपल्याकडे फरशी रोज पुसली जाते. स्वयंपाकघरातील फोडणीचा तेलकट थर नुसता ओला कपडा ओढत नेणाऱ्या यंत्राने निघत नाही. त्यासाठी पोछा दाबून फिरवणारे आणि डॉकवर तो गरम पाण्याने धुऊन गरम हवेने वाळवणारे यंत्र लागते. वाळवण्याची सोय नसेल तर पावसाळ्यात ओल्या पोछ्याला कुबट वास सुटणे अटळ. शिवाय डॉकमधील घाण पाण्याची टाकी माणसालाच रिकामी करावी लागते, हेही विसरता येत नाही. यंत्राच्या टाकीत फिनेल घालण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्याने नळ्या आणि पंप खराब होण्याचा धोका असल्याने कंपनीने मान्य केलेलेच द्रावण वापरावे लागते.

घराची रचना हा तिसरा निकष. बहुतेक यंत्रे सुमारे दोन सेंटिमीटरचा अडथळा ओलांडतात. जुन्या वाड्यातील किंवा चाळीतील उंबरठा त्यांना लक्ष्मणरेषाच ठरतो. वरच्या बाजूला लेसरचा उंचवटा असलेले यंत्र आठ-दहा सेंटिमीटर उंच असते. त्याहून खाली टेकलेल्या दिवाणाखाली ते जात नाही. डॉकला भिंतीलगत कायमची मोकळी जागा आणि विजेचे बटण लागते. साडेचारशे चौरस फुटांच्या सदनिकेत, जिथे एकेका फुटाचा हिशेब होतो, तिथे ही जागा हीदेखील किंमतच होय.

घराचा नकाशा कोणाच्या हाती?

यंत्र हुशार होण्यासाठी त्याला घर पाहावे लागते. लेसरवर चालणारे यंत्र खोल्यांचा आराखडा तयार करते; कॅमेरा असलेले यंत्र चप्पल, वायर, पाळीव प्राणी ओळखते. रूम्बाच्या चाचणीसाठी वापरलेल्या यंत्रांनी २०२० मध्ये टिपलेली, घरातील अत्यंत खासगी क्षणांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर पोहोचल्याचे ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने डिसेंबर २०२२ मध्ये उघड केले. छायाचित्रांतील वस्तूंना नावे देण्याचे काम ज्या कंत्राटी कामगारांकडे होते, त्यांच्याकडून ती बाहेर गेली होती. ती यंत्रे विक्रीसाठी नव्हती आणि चाचणीत सहभागी झालेल्यांनी संमती दिली होती, असा खुलासा कंपनीने केला. तथापि यंत्राने पाहिलेले कोणकोणत्या हातांतून जाते, याची कल्पना सामान्य ग्राहकाला त्यातून प्रथमच आली. २०२४ मध्ये तर अमेरिकेतील काही घरांत इकोव्हॅक्सच्या यंत्रांचा ताबा परक्यांनी घेतला आणि त्यांच्या ध्वनिक्षेपकातून कुटुंबीयांना शिवीगाळ ऐकू आली.

भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मात्र ते टप्प्याटप्प्याने लागू होणार असून, संमती आणि माहिती पुसून टाकण्याचा हक्क यांसारख्या ग्राहकाच्या दृष्टीने कळीच्या तरतुदींसाठी अधिसूचनेपासून अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली आहे. तोवर खबरदारीचा भार ग्राहकावरच. साध्या दोन-तीन खोल्यांच्या घरात कॅमेऱ्याविना, केवळ लेसरवर चालणारे यंत्र पुरेसे असते. जमिनीवरील वायरी आणि चपला आधी उचलून ठेवण्याची तयारी असेल, तर कॅमेऱ्याची गरज बरीच कमी होते.

सर्व्हर थांबला की यंत्र मुके

याहून कमी चर्चिला गेलेला धोका परावलंबनाचा आहे. ‘नीटो’ या रोबो व्हॅक्यूम कंपनीचे कामकाज तिच्या जर्मन मालकाने, ‘फोरवेर्क’ने, २०२३ मध्ये बंद केले. त्या वेळी किमान पाच वर्षे सेवा चालू ठेवण्याचे आश्वासन देण्यात आले होते. प्रत्यक्षात २०२५ मध्येच सर्व्हर बंद करण्याचा निर्णय झाला. मोटर, चाके, बॅटरी शाबूत असूनही वेळापत्रक, नकाशा, मोबाइलवरून आज्ञा या ज्या सोयींसाठी ग्राहकाने जादा पैसे मोजले होते, त्या गेल्या. उरले ते बटण दाबल्यावर फिरणारे यंत्र.

पूर्वीचा व्हॅक्यूम क्लीनर विकत घेतला की व्यवहार संपत असे. आज ग्राहक यंत्राबरोबर एका कंपनीच्या आयुष्याशीही बांधला जातो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमून ग्राहकोपयोगी वस्तूंचाही त्यात समावेश केला. परंतु सुटे भाग किती वर्षे द्यावेत आणि सर्व्हर किती काळ चालू ठेवावा, याचे बंधन त्यातून निर्माण झालेले नाही. त्यामुळे शहरात सेवा केंद्र आहे का, बॅटरी आणि ब्रश स्वतंत्रपणे मिळतात का, इंटरनेट नसताना यंत्र काम करते का, हे प्रश्न पास्कलच्या आधी विचारायला हवेत.

केर काढणारे हात

या चर्चेत एक घटक बहुधा अनुपस्थित असतो, तो म्हणजे आजवर हे काम करत आलेली महिला. पुण्यातील मोलकरणींनी १९८० मध्ये केलेल्या संपाने या श्रमाला प्रथमच सार्वजनिक ओळख मिळवून दिली. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकटीची शक्यता तपासण्यासाठी समिती नेमण्यास केंद्राला सांगितले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०११ च्या घरकामगारविषयक करारास भारताने मात्र अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही.

यंत्रामुळे ही कामे लगेच नाहीशी होतील, असे मानण्याचे कारण नाही. भांडी, कपडे, स्वयंपाक, ओटा, न्हाणीघर आणि जिना या यंत्राच्या आवाक्याबाहेर आहेत. तथापि घरकामाचा मोबदला अनेक ठिकाणी कामागणिक ठरतो. त्यातून ‘झाडू-पोछा’ वजा झाला, तर महिन्याच्या कमाईचा एक हिस्सा कोणत्याही लेखी कराराविना, एका वाक्यात कमी होतो. कुटुंबाचा सुज्ञ निर्णय आणि त्या महिलेचे नुकसान, या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. उरलेल्या कामांचा दर आणि वेळ नव्याने, उघडपणे ठरवणे एवढे तरी कुटुंबाच्या हाती निश्चितच असते.

ज्या घरी वृद्धांना वाकणे अशक्य झाले आहे, दोघेही दिवसभर बाहेर आहेत किंवा धुळीचा आजार आहे, तिथे हे यंत्र चैन राहत नाही, सोय होते. मात्र अशा घरांनीही निवडीचा क्रम उलटा करणे हिताचे ठरेल. आधी आपल्या घराची फरशी, उंबरठे आणि धूळ पाहावी. मग पिशव्या, सुटे भाग आणि सेवा केंद्राची चौकशी करावी. त्यानंतर कॅमेऱ्याची खरोखर गरज आहे का ते ठरवावे. आणि खोक्यावरचे आकडे सर्वांत शेवटी वाचावेत. ज्या कंपनीने हा बाजार उभा केला ती स्वतःच आपल्या पुरवठादाराच्या दारी गेल्यानंतर, केवळ बोधचिन्हावर विसंबून पन्नास हजार रुपये मोजणे कोणत्याही कुटुंबाला परवडणारे नाही.